वजनकाटा आणि मैदान

मे २०२५मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्याशी संलग्न शाळांना एक परिपत्रक पाठवून प्रत्येक शाळेत ‘साखर-फलक’ लावण्यास सांगितले. कोणत्या पेयात किती चमचे साखर असते, दिवसाकाठी किती पोटात जावी, अधिक गेल्यास काय होते, हे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राहावे, हा त्यामागील हेतू. त्या परिपत्रकात दिलेले आकडे कोणत्याही पालकाला अस्वस्थ करणारे आहेत. दिवसभरात पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी साखरेतून येणारा वाटा ५ टक्क्यांपर्यंत असावा अशी अपेक्षा असताना चार ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये तो १३ टक्के, तर अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांमध्ये १५ टक्के आहे. पाठोपाठ जुलैमध्ये तेलाविषयीही असेच फलक लावण्याची सूचना आली. त्यापूर्वी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून वाढत्या लठ्ठपणाचा विषय काढून घरातील तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. देशाच्या सर्वोच्च पातळीवरून मुलांच्या आणि मोठ्यांच्या शरीराविषयी इतक्या स्पष्टपणे बोलले जावे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, यात शंका नाही.

तथापि, फलक वाचून मुलाने वर्गात जायचे आणि सकाळी सात ते दुपारी एक, किंवा दुपारी बारा ते सायंकाळी सहा बाकावर बसायचे. मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटांत डबा संपवायचा, शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या टपरीवर थांबायचे, तेथून शिकवणीला आणि शिकवणीहून घरी भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर. हा दिनक्रम तसाच ठेवून भिंतीवरील एका फलकाने किती फरक पडेल? शाळांमधून मुलांचे वजन आटोक्यात आणण्याच्या ज्या योजना जगभर आखल्या गेल्या आणि ज्या आता आपल्याकडेही येऊ घातल्या आहेत, त्यांचा विचार या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा.

प्रथम आपली स्थिती काय आहे ते पाहू. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार दहा ते एकोणीस वयोगटातील २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश, तर ५ टक्के अतिरिक्त वजनाची आढळली. हा पाच टक्क्यांचा आकडा पाहून कोणी म्हणेल की, ज्या देशात चौथा हिस्सा मुले हडकुळी आहेत तेथे लठ्ठपणाची चर्चा हे चार शहरांतील सुखवस्तूंचे चोचले आहेत. परंतु त्याच सर्वेक्षणात, याच वयोगटातील १० टक्के मुले मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचेही दिसून आले. वजन अधिक असलेली पाच टक्के, आणि रक्तातील साखर बिघडू लागलेली दहा टक्के! याचा सरळ अर्थ असा की, जी मुले काट्यावर ‘ठीक’ दिसतात, किंबहुना बारीक दिसतात, त्यांच्यातही हा दोष शिरला आहे.

हे कोडे उलगडून दाखवण्याचे श्रेय पुण्याचे आहे. येथील केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुणे परिसरातील खेड्यांमधील माता व त्यांच्या अपत्यांचा दीर्घ अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. आपले बाळ आठशे ग्रॅमने हलके. मात्र त्याच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने घटलेली नव्हती, घटले होते ते स्नायू आणि अवयव. ‘कृश-स्थूल भारतीय’ ही कल्पना येथून पुढे आली. २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. परंतु शरीरातील चरबी ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५मध्ये आपल्या मुलांसाठी वाढीचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० या मर्यादा न स्वीकारता प्रौढांच्या २३ आणि २७ या अंकांशी जुळणाऱ्या रेषा धरल्या. परक्यांची मोजपट्टी आपल्या अंगाला लावताना विचार करावा लागतो, याचे इतके बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या संशोधनातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष मात्र शाळांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. वजन हेच मोजमाप धरून ‘जाड’ मुले वेचून काढली आणि त्यांच्यावर उपचार केले, तर बाकावरची उरलेली सारी, सडपातळ पण स्नायूहीन, चार जिने चढून धापा टाकणारी मुले आपोआप निरोगी ठरतात.

अशी वेचणी करून पाहिलेल्या देशाचा अनुभव आपल्यासमोर आहे. सिंगापूरने १९९२मध्ये ‘ट्रिम अँड फिट’ नावाची योजना सर्व शाळांत लागू केली. शिस्तप्रिय देश; योजनाही शिस्तीत राबवली. अधिक वजनाच्या विद्यार्थ्यांना वेगळे काढून शाळा भरण्यापूर्वी किंवा मधल्या सुट्टीत जादा व्यायाम, खाण्यावर नजर, वजनाच्या नोंदी. आकड्यांत यशही मिळाले. अधिक वजनाच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या खाली आले. असे असूनही २००७मध्ये ही योजना गुंडाळून तिच्या जागी सर्व विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण आरोग्याचा विचार करणारी नवी चौकट आणावी लागली. कारण उघड होते. मित्र मधल्या सुट्टीत खेळत असताना ज्याला मैदानाभोवती पळावे लागते, त्याच्या मनात व्यायामाविषयी प्रेम निर्माण होत नाही, ती शिक्षा वाटते. योजनेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे उलटी वाचली की ‘फॅट’ होते. मुलांना हे शोधायला वेळ लागला नाही. अपमानित मुलांचे खाणे बिघडते, अशी चिंता पालक आणि तज्ज्ञ व्यक्त करू लागले.

अमेरिकेत दुसरा मार्ग अवलंबण्यात आला. आर्कान्सा राज्याने २००३मध्ये कायदा करून शाळेत वजन-उंची मोजायची आणि निष्कर्षाचे पत्र पालकांच्या घरी धाडायचे, अशी पद्धत सुरू केली. इतर राज्यांनीही ती उचलली. अशा पत्रांचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी कॅलिफोर्नियातील ७९ शाळांमधील सुमारे २८ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पत्रे गेली, पण लठ्ठपणा घटला नाही. आणि ज्यांचे शाळेत वजन केले गेले, त्या मुलांचे स्वतःच्या शरीराविषयीचे असमाधान मात्र वाढले. घरी पत्र येते, आई डोळे वटारते, बाबा ‘तरी मी सांगत होतो’ म्हणतात; पत्रापलीकडे शाळा काही करीत नाही आणि घरालाही काय करावे हे उमजत नाही.

आपल्याकडे हे चित्र कसे दिसेल, याची कल्पना करणे अवघड नाही. ‘ढोल्या’, ‘जाड्या’, ‘म्हैस’ ही विशेषणे आपल्या वर्गांत आजही सर्रास फिरतात आणि ती देण्यात काही वेळा शिक्षकही मागे नसतात. पौगंडावस्थेतील मुलीला वर्गासमोर काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने वाचला जातो, तेव्हा तिच्या मनात काय होते, याचा विचार करणारे किती? आरोग्य तपासणी व्हावीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३पासून ती होते आहे, आणि त्यात अनेक मुलांचे गंभीर दोष वेळीच उमगले आहेत. परंतु तो आकडा डॉक्टर, मूल आणि पालक यांच्यातच राहिला पाहिजे. ज्याला खरोखर वैद्यकीय उपचारांची गरज आहे, त्याला बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ते काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे नव्हे.

मग शाळेने करायचे काय? याचे उत्तर शोधायला सिंगापूरला किंवा कॅलिफोर्नियाला जाण्याचे कारण नाही. पुण्यातच केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शहरातील एका शाळेच्या सहकार्याने सलग पाच वर्षे एक प्रयोग केला. सात ते दहा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात करून ती बारा ते पंधरा वर्षांची होईपर्यंत तो चालला. तुलनेसाठी नाशिकमधील तशाच एका शाळेतील समवयस्क मुले आणि पुण्याच्या त्याच शाळेतील, प्रयोग सुरू होताना बारा ते पंधरा वर्षांची असलेली मुले घेण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०१६मध्ये लंडनहून प्रसिद्ध होणाऱ्या बालवैद्यकाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आले. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी त्याची जेवढी दखल घ्यायला हवी होती, तेवढी घेतली नाही, असे आमचे मत आहे.

या प्रयोगात कोणालाही वेगळे काढले नाही. जे केले ते सगळ्या मुलांसाठी. वेळापत्रकात आणि वेळापत्रकाबाहेर खेळ-व्यायामाचे तास वाढवले. रोज योगावर आधारित श्वसनाचे अभ्यास घेतले. शारीरिक शिक्षणाला गुण दिले, म्हणजे तो ‘पीटीचा तास’ न राहता विषय झाला. शाळेत मिळणारे जेवण सुधारले. शाळेच्या परिसरातील चटकदार पदार्थांच्या गाड्या हटवल्या. आणि विद्यार्थ्यांबरोबरच शिक्षकांना व घरच्यांना आहाराचे शिक्षण दिले. यातील एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी परदेशी यंत्र किंवा कोट्यवधींचा निधी हवा.

पाच वर्षांनंतर काय दिसले? ही मुले धावण्यात, लांब उडीत, उठून बसण्याच्या व्यायामात आणि जोर मारण्यात तुलनेच्या मुलांपेक्षा सरस ठरली. ती बसून कमी वेळ घालवीत होती, खेळत अधिक होती, फळे अधिक वेळा खात होती. कमरेचा घेर त्यांचा कमी होता. परंतु, आणि हा परंतु महत्त्वाचा आहे, त्यांच्या वजन-उंचीच्या गुणोत्तरात फरक पडला नाही. लठ्ठ मुलांचे प्रमाणही घटले नाही.

केवळ काट्याकडे पाहणारा अधिकारी या प्रयोगाला अपयशी म्हणून फाइल बंद करील. आम्हाला तो यशस्वी वाटतो. ज्या देशाचा रोग पोटावरच्या चरबीत आणि स्नायूंच्या दुबळेपणात आहे, तेथे कमरेचा घेर कमी होणे आणि दंड-मांड्यांत बळ येणे, हीच खरी कमाई होय. दिल्लीत अकरावीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही असेच दिसले होते. तेथेही कमरेचा घेर घटला आणि घरून डबा आणणाऱ्यांचे प्रमाण वाढले. शाळेतील योजनांचे यश किलोंमध्ये मोजायचे थांबवले, तर या योजनांकडून काय मागायचे ते स्पष्ट होते.

आणि हे मागणे आपल्या परंपरेला नवे नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, ते कोण जाड आणि कोण बारीक हे पाहून नव्हे. स्वतः रोज नमस्कार घालणारा राजा मुलांना सांगत होता, म्हणून ती घालत होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४मध्ये उभे राहिले. १९२४मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापले, आणि त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासण्याचे काम आरंभले. पारतंत्र्याच्या काळात, हाती सत्ता नसताना, या मंडळींनी गावोगावच्या तरुणांना तालमीत आणले. संघाच्या शाखेत येणाऱ्या बाल स्वयंसेवकाचे वजन आजवर कोणी केलेले नाही. तो कबड्डीत किंवा खो-खोत उतरतो, आपल्या गटासाठी धावतो आणि घामाघूम होऊन घरी जातो. जाड मुलालाही कबड्डीच्या संघात मान असतो. त्याची पकड सहसा सुटत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा विषय अधिक गंभीर आहे. सातवी-आठवीपर्यंत लंगडी खेळणारी मुलगी नववीत गेली की मैदानावरून नाहीशी होते. गणवेश सोयीचा नाही, स्वच्छतागृह धड नाही, ‘आता मोठी झालीस’ हे घरचे वाक्य आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांच्या, दम लागेल अशा हालचालींची शिफारस केली आहे. आणि जगभरात पाचपैकी चार किशोरवयीन मुले ती गाठत नाहीत, मुली तर अधिकच मागे आहेत. १९३६मध्ये वर्ध्यात वंदनीय मावशी केळकरांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना करून मुलींच्या हाती दंड दिला, तेव्हा समाज आजच्यापेक्षा कितीतरी कर्मठ होता. नव्वद वर्षांनंतर आपल्याच मुलींना शाळेच्या आवारात धावायला संकोच वाटावा, हे मान्य करण्यासारखे नाही.

अडचणी कोठे आहेत, तेही आता स्पष्टच सांगितले पाहिजे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगणाची अट आहे. उच्च प्राथमिक शाळेत शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक असावा, हेही तेथे लिहिलेले आहे. केंद्रीय मंडळाने २०१८पासून नववी ते बारावीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा रोज एक तास अनिवार्य केला. कागदावर सर्व काही आहे. प्रत्यक्षात शहरातील शाळा इमारतीच्या तीन मजल्यांत भरते, मैदान म्हणजे वाहनतळाची फरसबंदी, आणि सहामाही जवळ आली की खेळाचा तास गणिताचे सर ‘अभ्यासक्रम राहिला’ म्हणून मागून नेतात. दहावीच्या वर्गाला तर खेळाचा तास असतो हेच कित्येकांना ठाऊक नसते. जेथे मोठे मैदान आहे, तेथे ते लग्नसराईत मांडवासाठी भाड्याने जाते. यात आपल्या विचारांच्या मंडळींनी चालविलेल्या संस्थाही अपवाद नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते. व्यासपीठावरून बलोपासनेचे गोडवे गायचे आणि दहावीचा निकाल टिकवण्यासाठी मैदानाला कुलूप लावायचे, ही विसंगती आपल्या संस्थाचालकांनी तरी संपवावी.

बाजाराकडे वळले की प्रश्नाचे दुसरे टोक हाती लागते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२०मध्ये नियम करून शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटर परिसरात अतिरिक्त मेद, मीठ व साखर असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली. त्यापूर्वी मे २०१७मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर आदी हद्दपार करण्याचा निर्णय घेतला होता. चिलीने २०१६पासून अशा पदार्थांच्या वेष्टनांवर काळे इशारे छापायला लावले आणि त्यांना शाळांतून बाहेर काढले. मेक्सिकोने मार्च २०२५पासून शाळांत त्यांची विक्री बंद केली. बहुराष्ट्रीय कंपन्यांचे हात किती लांब आहेत, हे या देशांना आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. आपल्याकडे वेष्टनावर ठळक इशारा असावा की ताऱ्यांची गुणश्रेणी, यावर २०२२मध्ये मसुदा निघाला आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. आमचे मत सरळ आहे. तारे हे कौतुकाचे चिन्ह आहे. चिप्सच्या पाकिटावर एक तारा छापला तरी मुलाला तो बक्षीसच वाटणार.

मात्र सगळे पाप परक्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. स्वदेशी म्हणून फाटकावरचा वडापाव निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यांदा तापवलेल्या तेलाला राष्ट्रीयत्व नसते. घरोघरी गुटगुटीत बाळाला ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून मिरवण्याची आपली हौस, वाढदिवसाला अख्ख्या वर्गाला चॉकलेटे वाटण्याची नवी रीत, परीक्षेत चांगले गुण मिळाले की ‘चल, पिझ्झा खाऊ’ हे बक्षीस, यांत कंपन्यांनी आपल्यावर बळजबरी केलेली नाही. टपरीवाला हाही आपल्याच गावचा, पोटासाठी उभा असलेला माणूस आहे. त्याला हुसकून लावण्यापेक्षा भाजलेले शेंगदाणे, पेरू, काकडी, उकडलेली कणसे, ताक असे काही विकायला शाळेने आणि नगरपालिकेने त्याला उभे करावे. त्याचे गिऱ्हाईक ठरलेले आहे, तो नाही म्हणणार नाही.

जपानने २००५मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आणि शाळांमध्ये आहारशिक्षक नेमण्याची सोय केली. तेथे मुले वर्गातच जेवतात, एकमेकांना वाढतात, शिक्षकही तेच अन्न त्यांच्याबरोबर घेतात. पंगतीत बसून, वाढपी होऊन, पानात न टाकता जेवणे आपल्यालाही परके नाही. प्रधानमंत्री पोषण योजनेच्या शाळांत मुले आजही रांगेने बसून एकत्र जेवतात. शुल्क घेणाऱ्या शहरी शाळांत मात्र प्रत्येक जण आपले पाकीट फोडून कोपऱ्यात उभ्याने खातो. डबा खायला पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास दिला, तर पाकीटबंद खाणे पुष्कळसे आपोआप कमी होईल, असे अनुभवी मुख्याध्यापक सांगतात.

नव्या शैक्षणिक वर्षात शाळा उघडल्या की पालक-शिक्षक संघाच्या आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सभा होतात. व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात; तरीही या सभांत चर्चा होते ती गणवेशाच्या कापडाची आणि सहलीच्या वर्गणीची. या वेळी आपल्या कार्यकर्त्या पालकांनी तेथे काही साध्या गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी आठवी ते दहावीचे खेळाचे किती तास प्रत्यक्षात झाले, याची नोंद दाखवा. मैदान वर्षातून किती दिवस मांडवाखाली होते? मुलींना खेळाच्या दिवशी खेळाचा पोशाख घालून येता येते का? वजन-उंचीची नोंदवही कोणाच्या कपाटात असते आणि ती कोण वाचते? फाटकापासून ५० मीटरचे अंतर तर भूमितीच्या तासाला फीत घेऊन सातवीतील मुलेच मोजून देतील. त्या अंतरात काय काय विकले जाते, याची यादीही तीच सर्वांत अचूक करतील.